आवाज थांबल्यानंतरचा आजार

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणे आणि भ्रम होणे अशी लक्षणे असलेला मानसिक आजार, असल्याचे निदान झाले तेव्हा तो पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याआधी कित्येक महिने त्याच्यातला बदल आम्हा सर्वांना दिसत होता आणि जो तो आपापल्या परीने त्याचा अर्थ लावत होता. आईला वाटे की अभ्यासाचा ताण आहे, बाबांना वाटे की संगत बदलली आहे, आणि मित्रांच्या लेखी तो शिष्ट झाला होता. तो रात्र रात्र जागत असे, दिवसाही खोलीचे पडदे ओढून घेई, आणि काही विचारले तर उत्तर देण्याआधी दुसऱ्याच कोणाचे बोलणे ऐकत असल्यासारखा क्षणभर थांबे. हा आजार पुरुषांमध्ये बहुधा विशीच्या आसपास आणि स्त्रियांमध्ये त्यानंतर काही वर्षांनी सुरू होतो. ज्या वयात मुलांनी घरच्यांपासून थोडे अलिप्त होणे स्वाभाविक मानले जाते, नेमके त्याच वयात तो येतो. त्यामुळे उपचारांना उशीर होतो, आणि हा उशीर जितका लांबतो तितके पुढचे सावरणे कठीण जाते.

निदानाची प्रक्रिया माझ्या कल्पनेपेक्षा फार वेगळी होती. मनोविकारतज्ज्ञ बाई आधी त्याच्याशी एकट्याशी बोलल्या, नंतर आमच्याशी, आणि मग सगळ्यांशी एकत्र. रक्ताच्या तपासण्या झाल्या, मेंदूचा एमआरआय झाला, कोणत्या अमली पदार्थाचे सेवन आहे का याची चौकशी झाली. या साऱ्याचा हेतू दुसरे काही कारण नाही ना हे पाहण्याचा होता, कारण स्किझोफ्रेनिया दाखवणारी रक्ताची चाचणी किंवा मेंदूची प्रतिमा आजही उपलब्ध नाही. निदान होते ते लक्षणांवरून आणि त्यांच्या कालावधीवरून. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या निकषांनुसार आजाराच्या खुणा किमान सहा महिने असाव्या लागतात, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार मुख्य लक्षणे किमान महिनाभर असावी लागतात. बाईंनी पहिल्याच भेटीत हे नाव उच्चारले नाही. त्यांनी उपचार लगेच सुरू केले, मात्र नाव सांगायला वेळ घेतला, आणि माझ्या मते ते योग्यच होते. एकदा लागलेले हे नाव माणसाला आयुष्यभर चिकटते, तेव्हा ते लावताना घाई होऊ नये.

त्याला ऐकू येणारे आवाज दोन होते. ते त्याच्याशी बोलत नसत, त्याच्याविषयी एकमेकांशी बोलत. "आता हा उठला, आता हा दाराकडे बघतोय, याला काही जमायचं नाही," असा तो संवाद चाले. तो बाहेरून, कानांनीच ऐकू येई आणि त्यात शंकेला जागाच नसे. आपण वाचताना मनातल्या मनात शब्द उच्चारतो, तसे ते वाटतात का, असे मी त्याला एकदा विचारले. तो म्हणाला, "नाही ताई, तू बोलतेस तसे." मेंदूच्या अभ्यासांत असे दिसले आहे की आवाज ऐकू येत असताना बोलण्याशी आणि ऐकण्याशी संबंधित असलेले भाग खरोखरच कार्यरत झालेले असतात. म्हणजे ऐकणारा माणूस बहाणा करत नसतो किंवा कल्पनेत रमलेलाही नसतो. हे कळल्यावर "तिथे कोणी नाही, तुला भास होतोय" या वाक्यातील निरर्थकता माझ्या ध्यानात आली. आम्हाला जे शिकवले गेले ते असे होते, की आवाज खरे आहेत असेही म्हणायचे नाही आणि वाद घालून ते खोटे आहेत असेही पटवायचे नाही. "मला ते ऐकू येत नाहीत, पण तुला ते ऐकून किती त्रास होत असेल हे समजतेय," एवढेच म्हणायचे आणि बोलणे त्याच्या भीतीकडे, थकव्याकडे, झोपेकडे वळवायचे. ऐकायला सोपे वाटते, पण मध्यरात्री तो थरथरत दारात उभा असताना हे शांतपणे म्हणता येण्यासाठी आम्हा तिघांनाही बराच सराव करावा लागला.

भ्रमाचे स्वरूप समजायला मला अधिक वेळ लागला. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या क्रमांकांतून आपल्यासाठी संदेश दिले जात आहेत, अशी त्याची खात्री झाली होती. इतक्या हुशार मुलाला ही गोष्ट पटते तरी कशी, हा प्रश्न मला छळत असे. त्याचे समाधान करणारे एक स्पष्टीकरण शितिज कपूर या मनोविकारतज्ज्ञांनी २००३ साली मांडले. मेंदूतील डोपामीन हे रसायन एखाद्या गोष्टीवर 'हे महत्त्वाचे आहे, इकडे लक्ष दे' अशी मोहोर उमटवते. या आजारात डोपामीन अवेळी आणि अकारण स्रवते, त्यामुळे अगदी किरकोळ गोष्टींवरही ती मोहोर उमटू लागते. गाडीचा क्रमांक, कोणाचे खोकणे, वर्तमानपत्रातील एखादा मथळा, सगळेच अर्थाने ओथंबलेले वाटू लागते, आणि मग बुद्धी आपले नेहमीचे काम करते, म्हणजे त्या अर्थाचे कारण शोधते. तिला जे कारण सापडते तो भ्रम होय. बुद्धी शाबूत असते म्हणूनच भ्रमाची रचना इतकी पक्की असते. औषधाने डोपामीनचा प्रभाव कमी झाल्यावर नवे संदेश येणे आधी थांबते, पण जुन्या संदेशांवरचा विश्वास त्यानंतरही बरेच दिवस टिकतो. माझ्या भावाच्या बाबतीत अगदी असेच घडले. गाड्या गप्प झाल्या, तरी पूर्वी त्या बोलत होत्या हे तो कितीतरी दिवस ठामपणे सांगत असे.

औषधांचा काळ सरळ गेला नाही. या आजारावरील औषधांचा आधुनिक इतिहास १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन या औषधाच्या वापरापासून सुरू होतो, आणि त्यानंतर या आजारासाठी आलेली बहुतेक औषधे त्याच्याप्रमाणेच मेंदूच्या पेशींवरील डोपामीन स्वीकारणाऱ्या जागा अडवतात. पहिल्या औषधाने भावाच्या पायांत अशी बेचैनी सुरू झाली की त्याला दोन मिनिटे एका जागी बसता येईना. आम्हाला वाटले की आजार वाढला, पण बाईंनी तो औषधाचा परिणाम असल्याचे ओळखून डोस कमी केला. दुसऱ्या औषधाने वजन झपाट्याने वाढले. मग त्याने गोळ्या घेणे बंद केले. यामागे हट्ट किंवा बेफिकिरी नव्हती. आपण आजारी आहोत याची जाणीवच अनेक रुग्णांना नसते, आणि ही जाणीव नसणे हादेखील आजाराचाच भाग असतो. जो स्वतःला आजारी मानत नाही, त्याने वजन वाढवणारी गोळी का घ्यावी? आवाज परतले, आणि या वेळी त्याला रुग्णालयात ठेवावे लागले.

दोन औषधे पुरेशा डोसमध्ये आणि पुरेसा काळ देऊनही लक्षणे हटली नाहीत, तर क्लोझापीनचा विचार केला जातो. या औषधाची हकिकत मला विलक्षण वाटते. १९७५ साली फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटून त्यांचा मृत्यू झाला आणि अनेक देशांत ते बाजूला ठेवले गेले. पुढे १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इतर औषधांना दाद न दिलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के रुग्ण सहा आठवड्यांत क्लोझापीनने सुधारले, तर क्लोरप्रोमाझीनने अवघे ४ टक्के सुधारले. तेव्हा नियमित रक्त तपासण्याच्या अटीवर ते परत आले. पांढऱ्या पेशी घटण्याचा गंभीर परिणाम शंभरात एकापेक्षाही कमी रुग्णांना होतो, पण पहिल्या काही महिन्यांत त्याची शक्यता सर्वाधिक असल्याने त्या काळात दर आठवड्याला रक्त द्यावे लागते. झोपेत लाळ गळून उशी भिजते, बद्धकोष्ठता होते आणि तिच्याकडे दुर्लक्ष केले तर ती जिवावर बेतू शकते. आणखी एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाला ठळकपणे सांगायला हवी असे मला वाटते. सिगारेटच्या धुरातील घटकांमुळे यकृत क्लोझापीनचा निचरा वेगाने करते. त्यामुळे रुग्णाने सिगारेट अचानक सोडली, तर त्याच डोसमध्ये औषधाची रक्तातील पातळी बरीच वाढते. भाऊ सिगारेट सोडायला निघाला तेव्हा आम्ही आधी डॉक्टरांना कळवले, आणि त्यांनी त्याप्रमाणे डोस बदलला.

क्लोझापीनने आवाज मागे हटले. पूर्ण गेले, असे मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते. भावाने हा मजकूर वाचला आणि ते वाक्य खोडायला लावले. दमणूक झाली किंवा झोप मोडली की ते अजूनही येतात, पण दुसऱ्या खोलीतल्या बोलण्याइतके अस्पष्ट, आणि त्यांना उत्तर देण्याची गरज आता त्याला वाटत नाही.

नातेवाईकांच्या दृष्टीने तो इथे बरा झाला होता. आमच्यासाठी मात्र आजाराचा सर्वांत अवघड भाग याच टप्प्यावर सुरू झाला. आवाज आणि भ्रम ही जी भर पडते ती दिसते, पण जे कमी होते ते कोणाच्या नजरेत भरत नाही. बोलणे तुटक होते, चेहऱ्यावरचे भाव मावळतात, माणसांत मिसळावेसे वाटत नाही आणि कामाला हात घालण्याची इच्छाशक्ती ओसरते. डॉक्टर यांना नकारात्मक लक्षणे म्हणतात. त्यांच्या जोडीला लक्ष, स्मरण आणि विचारांचा वेग यांतही घट होते. डोपामीन अडवणाऱ्या औषधांचा या भागावर फारसा उपयोग होत नाही. नोकरी, शिक्षण, मैत्री या गोष्टी हातून जातात त्या अनेकदा आवाजांपेक्षा यामुळेच, आणि तरीही लोक याला आळस म्हणतात. मला याचा सर्वांत जास्त राग येतो. पाय मोडलेल्या माणसाला चालत नाही म्हणून कोणी बोल लावत नाही, इथे मात्र जो भाग जायबंदी आहे त्याच्याच नावाने माणसाला ओरडा बसतो.

आमची आजी गेली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. जमलेल्यांपैकी काहींनी ते पाहिले आणि बोलूनही दाखवले. काही आठवड्यांनी त्याने मला आजीविषयी इतक्या बारकाईने सांगितले, तिचा आवाज, तिची चष्मा पुसण्याची लकब, शेवटच्या दिवसांत तिने त्याचा हात कसा धरला होता, की ऐकताना माझेच डोळे भरून आले. त्याचा स्वर त्याही वेळी सपाट होता. भावना उमटणे आणि ती चेहऱ्यावर किंवा स्वरात दिसणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि या आजारात दुसरी क्षीण होते. चेहरा पाहून मन ओळखण्याची आपली सवय त्याच्या बाबतीत आम्ही सोडून दिली. काय वाटते हे आता आम्ही सरळ विचारतो आणि उत्तरासाठी थांबतो, कधी कधी चांगले मिनिटभर.

इच्छेच्या बाबतीतही असाच एक बारकावा आहे. एखादी गोष्ट करताना मिळणारा आनंद अनेक रुग्णांमध्ये बऱ्याच अंशी टिकून असतो, पण ती करण्याआधी त्या आनंदाची कल्पना करता येणे कमी झालेले असते. "फिरायला जाऊ या का, आवडेल ना?" या प्रश्नाला तो नेहमी नकार देई, कारण आवडेल की नाही हे त्याला आधी जाणवतच नसे. बाहेर पडल्यावर मात्र तो रमत असे. तेव्हा आवडेल का हे विचारणे सोडून "मी पायांत चप्पल घालतेय, तूही घाल," असे म्हणायला आम्हाला एका मानसोपचार सामाजिक कार्यकर्तीने शिकवले. परतल्यावर कसे वाटले हे त्याने स्वतःच्या हाताने वहीत लिहायचे आणि पुढच्या वेळी निघण्याआधी ते वाचायचे, ही तिचीच सूचना होती. ती वही त्याच्या फार उपयोगी पडली. तसेच सूचना देताना एका वेळी एकच द्यायची, हेही शिकलो. अंघोळ कर, कपडे बदल आणि येताना फाइल घे, या एका वाक्यातील तीन कामांपैकी पहिले संपेपर्यंत उरलेली दोन त्याच्या मनातून निसटून जात.

हे शिक्षण आम्हाला मिळाले ते कुटुंबीयांसाठी चालणाऱ्या सत्रांतून. त्यांचे मूळ १९५०च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत आहे. रुग्णालयातून सुटल्यावर आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे राहायला गेलेले पुरुष भावंडांकडे किंवा खोली घेऊन राहणाऱ्यांपेक्षा अधिक संख्येने पुन्हा आजारी पडतात, असे त्यांना आढळले. पुढील अभ्यासांत घरातील टीका, वैरभाव आणि रुग्णाच्या काळजीत गरजेपेक्षा जास्त गुंतून पडणे या तीन गोष्टी वेगळ्या काढल्या गेल्या. ख्रिस्तीन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांच्या १९७६च्या अभ्यासानुसार, या गोष्टींचे प्रमाण जास्त असलेल्या घरांत नऊ महिन्यांत सुमारे निम्म्या रुग्णांचा आजार उलटला, तर कमी असलेल्या घरांत तो फार थोड्यांचा उलटला. ही माहिती मौल्यवान आहे, पण ती चुकीच्या रीतीने सांगितली तर घरच्यांच्या जिव्हारी लागते. माझ्या आईने सत्रात विचारलेला पहिला प्रश्न होता, "म्हणजे माझ्यामुळेच झाले का हे?" विसाव्या शतकाच्या मध्यावर काही तज्ज्ञांनी आजाराचा दोष खरोखरच आयांवर टाकला होता. तो समज पुढे पूर्णपणे बाद झाला, परंतु त्याची सावली अजूनही आयांच्या मनावर आहे. घरातल्या वागण्याने स्किझोफ्रेनिया होत नाही. तो झाल्यावर, बाहेरच्या गलबल्यापुढे आधीच हतबल झालेल्या मेंदूला घरातला ताण लवकर बाधतो, एवढाच त्या अभ्यासांचा अर्थ आहे. हे आईला पटल्यानंतरच तिचे रडणे थांबले आणि शिकणे सुरू झाले. तिने त्याच्या खोलीत दर अर्ध्या तासाने डोकावणे कमी केले, बाबांनी आठवड्यातून काही वेळ त्याला एकट्याला राहू देण्याची तयारी दाखवली.

मी बहीण असल्यामुळे माझ्या वाट्याला एक वेगळा प्रश्न आला, जो सत्रात कोणी विचारला नव्हता, म्हणून मी एकटीने जाऊन विचारला. सर्वसाधारण लोकसंख्येत आयुष्यात कधी तरी हा आजार होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास असते. सख्ख्या भावंडाला असेल तर ती शंभरात नवाच्या आसपास जाते, आणि एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला तरी दुसऱ्याला तो होतोच असे नाही, जवळपास निम्म्या जोड्यांत किंवा त्याहूनही कमी जोड्यांत दोघांना होतो. कोणते एक जनुक यासाठी जबाबदार नाही. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जनुकसंचातील २८७ ठिकाणांचा या आजाराशी संबंध आढळला, आणि त्यातील प्रत्येकाचा वाटा अत्यल्प आहे. जन्माच्या वेळची गुंतागुंत, किशोरवयातील गांजाचे जास्त सेवन, बालपणीचे आघात यांनी धोका वाढतो. शंभरात नऊ म्हणजे उरलेल्या एक्क्याण्णवांना तो होत नाही, हे बाईंनी मला दोनदा म्हणायला लावले. तरीही एखादी रात्र झोपेविना गेली की मी अनेक वर्षे मनातल्या मनात स्वतःची तपासणी करत असे. भावंडांची ही भीती कोणी विचारत नाही, म्हणून ती इथे नोंदवते.

बाहेरच्या लोकांनी विचारलेल्या प्रश्नांत मात्र दुसरीच भीती असे. तो अंगावर येतो का, त्याच्यात दोन माणसे आहेत का, असे ते विचारत. दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाशी या आजाराचा संबंध नाही. बहुसंख्य रुग्ण कोणावरही हात उगारत नाहीत, उलट त्यांच्यावरच अत्याचार होण्याची शक्यता अधिक असते. खरा धोका त्यांच्या स्वतःच्या जिवाला असतो. सुमारे ५ टक्के रुग्ण आत्महत्येने जातात, विशेषतः आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत आणि रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या काळात. हृदयविकार आणि मधुमेह यांनीही त्यांचे आयुष्य घटते. म्हणून भावाची साखर, कोलेस्टेरॉल आणि कमरेचा घेर आम्ही मानसिक लक्षणांइतक्याच काटेकोरपणे पाहतो.

आता तो एका ग्रंथालयात अर्धवेळ काम करतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार किमान तीनपैकी एक रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. माझा भाऊ त्यांत मोडतो असे मी म्हणणार नाही, आणि त्यालाही ते महत्त्वाचे वाटत नाही. त्याला काम हवे होते आणि ते मिळाले. सकाळी औषधाची गुंगी असते म्हणून तो दुपारची पाळी करतो, आणि परत आलेली पुस्तके क्रमांकानुसार लावण्याचे काम त्याने स्वतः मागून घेतले, कारण त्यात एका वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते आणि बोलणे कमी असते.

मागच्या खेपेला आजार उलटू लागला तेव्हा तो आम्हा सर्वांच्या आधी त्याच्याच लक्षात आला होता. त्यानंतर त्याने डॉक्टरांसोबत बसून एक कागद तयार केला. आधी झोप जाते, मग वर्तमानपत्रातील मथळ्यांवरून नजर हटत नाही, मग तो फोन बंद ठेवू लागतो, असा त्याचा क्रम त्यात लिहिलेला आहे. पहिली खूण दिसताच कोणाला कळवायचे, कोणते औषध पूर्वी सोसले नव्हते, भरती करण्याची वेळ आलीच तर सोबत कोणी यायचे आणि कोणी यायचे नाही, हे सारे त्याच्या अक्षरात आहे. सोबत येणाऱ्यांत माझे नाव आहे. आईचे नाव त्याने जाणीवपूर्वक घातलेले नाही, कारण तिच्या डोळ्यांतले पाणी पाहिले की त्याला डॉक्टरांशी बोलता येत नाही. हे त्याने तिला समोर बसवून सांगितले, आणि तिने ते मान्य केले. कागदाची एक प्रत डॉक्टरांकडे आहे, एक माझ्याकडे, आणि दर सहा महिन्यांनी आम्ही तो उघडून त्यात काय बदलायचे ते ठरवतो.